गाठींची सुतळी

मला सगळे खुर्चीवाला म्हणतात.
मोंतेविदेओत, रविवारच्या बाजारात,
पोपटांचे पिंजरे आणि मुके रेडिओ यांच्या मधल्या जागेत
सत्तावीस वर्षं मी
एका घरातून उठलेलं लाकूड
दुसऱ्या घरात बसवतो.

जूनमधली थंडी होती. ती दोघं आली.
तो उलिसेस, डेअरीवर रात्रपाळीचा पहारेकरी,
डोळ्यांत झोप, बगलेत थर्मास.
ती इरुपे, बसमध्ये तिकिटं फाडणारी.
तिच्या हातात मासिकातून कापलेला फोटो:
पांढरं टेबल, चार पांढऱ्या खुर्च्या,
एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा,
आणि वाडग्यात लिंबं.
“असं हवंय,” ती म्हणाली, “सहा हजार पेसोत.”
सहा हजारांत त्यातली लिंबं आली असती.

मी हसलो नाही.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
आणि तिनं ते आणलंही नव्हतं.
नोटा मोजून घडी केलेल्या,
टेंपोचं भाडं वेगळ्या खिशात.

मग तिनं पर्समधून सुतळी काढली.
तिला गाठी मारलेल्या.
ही दाराची रुंदी.
ही खिडकीखालची भिंत.
आणि ही, लाल दोरा बांधलेली,
जमिनीपासून तिच्या गुडघ्यापर्यंत.
“त्याचे गुडघे उंच आहेत,
पण रात्री जेवायला तो घरी नसतो.”
उलिसेसनं थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं.

टेबल पटकन ठरलं. पाइनचं, एक कोपरा जळका;
तिथं इस्त्री राहिली असावी कुणाची तरी.
खुर्च्यांना दुपार झाली.
एक बंद पडलेल्या शाळेतली, खाली च्युइंगम वाळलेलं.
एक कुठल्याशा स्वयंपाकघरातली.
एक वेताची, कुरकुरणारी, तिला फार आवडलेली.
चौथी दंतवैद्याकडची,
जिच्यावर कुणीच कधी सुखानं बसलं नसेल.

“जुळत नाहीत,” ती म्हणाली.
मी म्हणालो, रंग बघू नका, बसा.
चौघं बसल्यावर खांदे एका रेषेत आले
की खुर्च्या जुळल्या.
(हे मी सगळ्यांना सांगतो. माल खपतो.)
पण ती खरंच बसली, एकीवरून दुसरीवर,
सुतळी लावत,
आणि दंतवैद्याची खुर्ची दोन बोटं उंच निघाली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथं पायच कापायचे होते.
मी करवत काढली. उलिसेसनं पाठ धरली,
आणि पहिल्यांदाच जागा दिसला.
लाकडाच्या चार चकत्या पडल्या.
त्या तिनं भुसा फुंकून खिशात टाकल्या.
“पैसे तर मी पूर्ण खुर्चीचे देतेय.”
वर घासाघीस करून चाळीस पेसो कमी केले,
ते वेगळेच.

ऑगस्टमध्ये वेताची खुर्ची उसवली म्हणून
मी त्यांच्या घरी गेलो.
चारही बैठकांना एकच कापड,
समुद्रावरच्या फाटक्या छत्रीचं, हिरवे-पांढरे पट्टे.
फोटो फ्रिजवर चिकटवलेला होता अजून,
लिंबांचा भाग तेवढा कापून.
का, ते मी विचारलं नाही.
आणि माझ्या चकत्या?
भांड्यांच्या कपाटाखाली, चार पायांना चार.
कपाट आता खिडकीच्या चौकटीला बरोबर भिडलेलं,
मधे सुरीही जाऊ नये असं.

मी वेत विणला. भाजी-पाव खाल्ला.
शाळेच्या खुर्चीवर.
उलिसेस आत घोरत होता.

एवढंच सांगायचं राहिलं
की सुतळी ती त्या रविवारी माझ्याकडे विसरली.
परत न्यायची म्हणून आठवण ठेवतो,
दर वेळी राहून जाते.
पोपटांच्या बाजूच्या खिळ्यावर
त्यांच्या दाराची रुंदी लटकलेली आहे,
आणि एक लाल दोरा.
गिऱ्हाईक विचारतात, केवढ्याला?